को-ऑप सिटी, ब्राँक्स: घर चोख, गुंतवणूक शून्य, गोम दरमहाच्या बिलात

न्यू यॉर्कमध्ये घर शोधणाऱ्याच्या कानावर ब्राँक्सच्या ईशान्य टोकाला असलेल्या को-ऑप सिटीचं नाव कधी ना कधी पडतंच. ऐसपैस खोल्या, वीज-पाणी, हिवाळ्यातली ऊब आणि उन्हाळ्यातला गारवा सगळं महिन्याच्या बिलातच, आणि आत शिरायला भरावी लागणारी रक्कम शहरातल्या बाजारभावाच्या पासंगालाही पुरणार नाही. मग साहजिकच प्रश्न येतो, यात गोम काय? गोम आहे. कुणी ती लपवलेलीही नाही. पण ती कळायला या वसाहतीचा साठ वर्षांचा हिशेब वाचावा लागतो, आणि घर बघायला जाणारे बहुतेक लोक खिडकीतला नजारा बघून परत येतात.

गुण द्यायचे तर राहायला पाचपैकी चार, कारभाराला अडीच, गुंतवणुकीला शून्य. हे शून्य म्हणजे टोमणा नव्हे. इथे घर घेण्याची ती अटच आहे.

आधी पसारा. सुमारे ३२० एकर जागा, ३५ उंच इमारती, कमी उंचीच्या घरांचे ७ पुंजके, एकूण १५,३७२ घरं, आणि या सगळ्यांची मिळून एकच सोसायटी. तिचं नाव रिव्हरबे कॉर्पोरेशन. जगातली सर्वांत मोठी गृहनिर्माण सहकारी संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. एकाच कमिटीच्या हाताखाली चाळीस हजारांहून जास्त माणसं, म्हणजे आपल्याकडचं नगरपालिकेचं गावच. वसाहतीचे पाच विभाग आहेत आणि प्रत्येक विभागातल्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात: पहिल्यात डी (ड्रायझर लूप), दुसऱ्यात सी (कार्व्हर लूप), तिसऱ्यात बी (बेलामी लूप), चौथ्यात ए (अ‍ॅश लूप), पाचव्यात ई (आइनस्टाइन लूप). त्यामुळे पत्ता ऐकला की घर कुठल्या भागात आहे ते लगेच कळतं. पाचवा विभाग बाकीच्या चारांपासून तुटून दक्षिणेला आहे. घर तिथलं असेल तर रोजचं चालणं वेगळं मोजा.

उंच इमारती तीन जातींच्या आहेत, आणि कुठल्या जातीत घर मिळतं याने फरक पडतो. १५ ‘टॉवर’, ३३ मजली, प्रत्येकी ३८४ घरं. १० ‘शेव्हरॉन’, २४ मजली, प्रत्येकी ४१४ घरं. वरून पाहिलं तर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. १० ‘ट्रिपल कोअर’, २६ मजली, प्रत्येकी ५०० घरं. ट्रिपल कोअर दिसायला भिंतीसारखी लांबलचक असली तरी आतून तिचे तीन उभे भाग आहेत आणि प्रत्येक भागाच्या लिफ्ट वेगळ्या. म्हणजे एका भागावर सरासरी १६७ घरांचाच भार. लिफ्ट बिघडण्याच्या दिवशी हा आकडा आठवतो. टॉवरमध्ये वरच्या मजल्यावरून हचिन्सन नदी आणि पेल्हम बेचा पाणथळ पट्टा सुंदर दिसतो, पण तेहतीस मजल्यांची वाहतूक थोड्याच लिफ्टवर असते. याशिवाय २३६ टाउनहाउस. त्यांत खाली एक बेडरूमचं बागेलगतचं घर आणि वर तीन बेडरूमचं दुमजली, अशी प्रत्येकी दोन घरं. बेरीज करून बघा, १५,३७२ बरोबर जुळतात.

आतल्या घरांबद्दल तक्रारीला जागा कमी. वास्तुरचनाकार हर्मन जेसर यांनी ही पद्धत आधीच्या अनेक सहकारी वसाहतींत घोटून घेतली होती. दर्शनी भागावर दमडीही घालायची नाही, सगळा खर्च आत. त्यामुळे बाहेरून नुसत्या विटांचे ठोकळे आणि आत मोठ्या खोल्या, पार्केटची लाकडी जमीन, भरपूर कपाटं, मोकळा प्रवेशभाग. बांधकाम चालू असतानाच टीकाकारांनी या ठोकळ्यांवर तोंडसुख घेतलं होतं. टीका चुकीची नव्हती, पण ठोकळ्याच्या आत राहणाऱ्याला ठोकळा दिसत नाही.

जमिनीची गोष्ट मात्र वेगळी. तिच्याकडे नीट बघा. ही मूळची दलदल, वर भराव. १९६० ते १९६४ या काळात इथे ‘फ्रीडमलँड’ नावाचं मनोरंजन उद्यान होतं, अमेरिकेच्या नकाशाच्या आकाराचं. ते दिवाळखोरीत निघालं आणि जागा मोकळी झाली. अशा जमिनीवर तीस मजले उभे करायचे तर पाया भरावावर ठेवून चालत नाही. म्हणून सुमारे ५०,००० पाइल, म्हणजे पायाचे खांब, खाली खडकापर्यंत ठोकले आणि इमारती त्यांच्यावर उभ्या केल्या. इमारती त्यामुळे जागच्या हलत नाहीत. पण त्यांच्या भोवतालचा भराव दरवर्षी इंचाच्या काही अंशाने दबत राहतो. एका वर्षात काही दिसत नाही, दहा वर्षांत दिसतं. कुठल्याही इमारतीच्या दारात उभं राहून उंबरठा आणि बाहेरचा फुटपाथ यांच्या मधल्या सांध्याकडे पाहा. दार तिथेच, फुटपाथ खाली गेलेला. फट पडते, मग डांबराचा किंवा काँक्रीटचा उतार भरून ती बुजवतात, काही वर्षांनी तो उतारही तडकतो आणि त्याच्यावर आणखी एक थर बसतो. व्हीलचेअर किंवा वॉकर वापरणाऱ्याला या दोन इंचांचा फरक कळतो. भिंतीतून बाहेर पडणाऱ्या नळांचंही तेच: एक टोक न हलणाऱ्या इमारतीत, दुसरं दबणाऱ्या मातीत, ताण सगळा जोडावर. हा इमारतीचा दोष नव्हे, जागेचा स्वभाव आहे. तो दुरुस्त होत नाही, दुरुस्त करत राहावा लागतो. त्याचा खर्च कुठून येतो? महिन्याच्या बिलातून.

आता त्या बिलाकडे वळू.

को-ऑप सिटी ज्यांनी उभी केली ती ‘युनायटेड हाउसिंग फाउंडेशन’ ही कामगार संघटनांच्या पाठबळावरची ना-नफा संस्था १९५१ सालची. तिचा कर्ताधर्ता अब्राहम कझान. कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेसाठी त्याने १९२७ मध्ये ब्राँक्समध्येच पहिली सहकारी वसाहत उभी केली होती. तत्त्वं इंग्लंडमधल्या रॉशडेलच्या जुन्या सहकारी चळवळीची: एक सभासद एक मत, नफेखोरी नाही, बाजारभावाने विक्री नाही. क्वीन्समधल्या त्यांच्या आधीच्या मोठ्या वसाहतीचं नावच मुळी रॉशडेल व्हिलेज. सरकारी आधार होता १९५५ च्या मिचेल-लामा कायद्याचा. या कायद्याने सरकार घर बांधत नाही आणि रोख अनुदानही देत नाही. ते दोन गोष्टी देतं: राज्याने करमुक्त रोखे काढून उभारलेलं दीर्घ मुदतीचं कमी व्याजाचं कर्ज, आणि मालमत्ता करात मोठी सवलत. बदल्यात नफ्यावर मर्यादा, रहिवाशांच्या उत्पन्नावर मर्यादा आणि भाडं किंवा आकार वाढवायला राज्याची मंजुरी.

इथे मराठी वाचकाचा एक घोटाळा हमखास होतो. आपल्या सोसायटीत गृहकर्ज प्रत्येकाचं स्वतःचं. सोसायटीला फक्त मेंटेनन्स आणि सिंकिंग फंड द्यायचा. को-ऑप सिटीत कर्ज सोसायटीच्या नावावर आहे, अख्ख्या वसाहतीचं मिळून एक. तुम्ही भरता ती ‘इक्विटी’ म्हणजे भागांची रक्कम, आणि दरमहा भरता तो ‘कॅरिंग चार्ज’. या चार्जमध्ये मेंटेनन्स, इंधन, पगार, विमा, कर यांच्याबरोबर त्या सामायिक कर्जाचा हप्ताही असतो. म्हणून इथे ‘घराची किंमत किती’ या प्रश्नाला इक्विटीचा आकडा हे उत्तर होऊच शकत नाही.

१९६५ च्या मे महिन्यात इच्छुकांना वाटलेल्या माहितीपत्रातले आकडे पाहा. अंदाजे एकूण खर्च २८,३६,९५,५५० डॉलर. त्यातलं कर्ज २५,०९,००,००० डॉलर, चाळीस वर्षांचं. म्हणजे सुमारे ८८ टक्के कर्ज. सभासदाने भरायचे दर खोलीमागे ४५० डॉलर, म्हणजे २५ डॉलरचा एक असे १८ भाग. चार खोल्यांच्या घराला ७२ भाग, १,८०० डॉलर. महिन्याचा आकार सरासरी खोलीमागे २३.०२ डॉलर, चार खोल्यांना ९२.०८. त्या काळात ब्राँक्समधल्याच ग्रँड कॉन्कोर्स या रस्त्याच्या आसपासच्या जुन्या इमारतींत भाड्याने राहणाऱ्या, बऱ्याचशा ज्यू कुटुंबांनी या आकड्यांवर उड्या टाकल्या. मे १९६६ मध्ये भूमिपूजन झालं, डिसेंबर १९६८ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली, आणि काम १९७३ पर्यंत चाललं.

दरम्यान बांधकामाचा खर्च वाढला, व्याजाचे दर वाढले, माहितीपत्रात न धरलेले इतर खर्च निघाले, आणि राज्याच्या मंजुरीने कर्ज वाढत गेलं. शेवटी ते मूळ अंदाजाहून १२.५ कोटी डॉलरने जास्त झालं. इक्विटी मात्र खोलीमागे ४५० डॉलरच राहिली. ढोबळ हिशेब करू. खर्चातून कर्ज वजा केलं तर सुमारे ३.२८ कोटी उरतात. त्याला ४५० ने भागलं की साधारण ७२,९०० खोल्या येतात. वाढीव १२.५ कोटी या खोल्यांवर वाटले तर खोलीमागे १,७०० डॉलरचं जादा कर्ज. सभासदाने खिशातून भरलेल्या रकमेच्या जवळजवळ चौपट बोजा त्याला न विचारता त्याच्यावर आला, आणि दिसला फक्त महिन्याच्या बिलात: जुलै १९७४ मध्ये खोलीमागे ३९.६८ डॉलर. चार खोल्यांना १५८.७२. वाढ ७२ टक्के.

यात न विचारता हा शब्द महत्त्वाचा. रिव्हरबेच्या संचालक मंडळावर फाउंडेशनची माणसं, आणि बांधकामाचा व विक्रीचा ठेका फाउंडेशनच्याच मालकीच्या कंपनीकडे. बिल्डरचीच माणसं कमिटीवर बसली की ठेक्याची रक्कम कशी वाढते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीच्या सभासदाला समजावून सांगायला नको. हेतू इथे पैसे खाण्याचा नव्हता, कझानची मंडळी खरोखर ध्येयवादी होती. पण देणारा आणि घेणारा एकच असला की ‘नाही’ म्हणायला टेबलाच्या पलीकडे कुणी उरत नाही.

५७ रहिवासी कोर्टात गेले. म्हणणं असं की भाग विकताना आमची दिशाभूल झाली, तेव्हा शेअरबाजाराच्या कायद्यानुसार तीन कोटी डॉलरची भरपाई द्या. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १६ जून १९७५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल विरोधात गेला. न्यायालयाचं कारण नीट वाचावं, कारण इथल्या इक्विटीची तीच व्याख्या ठरली: नाव ‘शेअर’ असलं तरी हे रोखे नव्हेत. ते गहाण ठेवता येत नाहीत, त्यांवर लाभांश नाही, मतं भागांच्या प्रमाणात नसून घरटी एक, आणि सोडून जाताना ते आधी सोसायटीलाच मूळ किमतीला देऊ करावे लागतात. लोकांनी पैसे घातले ते नफ्यासाठी नव्हे, राहायला घर हवं म्हणून. वरच्या शून्य गुणांवर असं सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब आहे.

निकाल लागला तोवर वसाहतीत दुसरं प्रकरण पेटलं होतं. पुन्हा मोठी वाढ समोर आली, आणि जून १९७५ पासून रहिवाशांनी कॅरिंग चार्ज भरणंच बंद केलं. पुढारी चार्ल्स रोझेन, छापखान्यात जुळारीचं काम करणारा. समितीचं नाव ‘स्टिअरिंग कमिटी ३’. पद्धत साधी आणि शिस्तीची होती. पैसे खिशात ठेवायचे नाहीत. प्रत्येकाने आपल्या रकमेचा चेक लिहायचा आणि इमारतीच्या लॉबीत टेबल मांडून बसलेल्या स्वयंसेवकांकडे जमा करायचा. चेकांचे गठ्ठे समितीकडे, सरकारला सापडणार नाहीत अशा ठिकाणी. यामुळे ‘हे लोक फुकटे आहेत’ असं म्हणायची सोय उरली नाही, आणि कोण सामील आहे, कोण गळतंय, याचा दरमहा पक्का आकडाही समितीच्या हाती राहिला. ऐंशी टक्क्यांवर घरं सामील होती. कोर्टाने अवमानाचे दंड ठोठावले, जप्तीच्या धमक्या आल्या, संप तेरा महिने टिकला. अमेरिकेतला हा सर्वांत मोठा भाडेसंप.

तो टिकला याचं कारण नुसती एकी नव्हतं. फेब्रुवारी १९७५ मध्येच न्यू यॉर्क राज्याच्या नगरविकास महामंडळाचे रोखे बुडीत गेले होते आणि शहर स्वतः दिवाळखोरीच्या काठावर उभं होतं. को-ऑप सिटीचं कर्ज राज्याच्या गृहवित्त संस्थेच्या मोठ्या कर्जांपैकी एक. ते बुडालं तर पुढचे रोखे घेणार कोण? आणि पंधरा हजार कुटुंबांना घराबाहेर काढणार कोण? म्हणतात ना, कर्ज लहान असलं तर झोप ऋणकोची उडते, मोठं असलं तर धनकोची. १९७६ च्या उन्हाळ्यात तडजोड झाली: चेक सरकारच्या हवाली, कारभार रहिवाशांच्या हवाली. फाउंडेशनची माणसं बाहेर पडली होतीच. या धक्क्यानंतर तिने नवी वसाहत उभारली नाही.

कारभार हाती आला म्हणून आकडे बदलले नाहीत. कर्ज तेच, तेलाचे भाव वाढलेले, आणि वर बांधकामातले दोष एकेक उघडे पडू लागले. राज्याच्या देखरेखीखाली झालेल्या निकृष्ट कामाची दुरुस्ती आम्ही का करायची, हा रहिवाशांचा प्रश्न. हप्ता कधी देणार, हा राज्याचा. पुढची अनेक वर्षं हा वाद चालला आणि थकबाकी साचत गेली. २००३ मध्ये एका पार्किंग गॅरेजचा भाग कोसळला. तपासणीत आठांपैकी पाच गॅरेज असुरक्षित ठरून बंद झाली आणि हिरवळीच्या पट्ट्यांवर डांबर टाकून गाड्या उभ्या कराव्या लागल्या. बर्फात रस्त्यावर टाकलेलं मीठ टायरबरोबर गॅरेजात येतं, खारं पाणी स्लॅबच्या फटींतून मुरतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट उकलतं. वेळेवर जलरोधक थर न दिलेल्या कुठल्याही गॅरेजची ही ठरलेली वाट. मुंबईत समुद्राकाठच्या इमारतींच्या सज्जांचं जे होतं तेच.

२००४ मध्ये न्यू यॉर्क कम्युनिटी बँकेकडून नवं कर्ज घेऊन राज्याचं जुनं कर्ज फेडलं. ९.५ कोटी डॉलरची थकबाकी उरली, तिच्यावर तोडगा असा निघाला: वसाहत निदान आणखी सात वर्षं मिचेल-लामातच राहील, आणि मूळच्या निकृष्ट कामाच्या दुरुस्तीवर जो खर्च होईल तो थकबाकीतून वळता होईल. २००८ पर्यंत ती वळती झाली. त्या काळात सव्वा लाखांवर खिडक्या आणि सुमारे चार हजार बाल्कनीची दारं बदलली, लिफ्टचं काम निघालं. पुढे २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या गृहविम्याखाली ६२.१५ कोटी डॉलरचं कर्ज घेऊन सगळी मांडणी पुन्हा केली. घरामागे भागलं तर साधारण ४०,००० डॉलर. १९६५ च्या अंदाजात हाच आकडा साधारण १६,३०० होता. इक्विटी भरून घरात शिरणारा माणूस या कर्जातला आपला वाटाही उचलतो. तो कागदावर त्याच्या नावे कुठेही लिहिलेला नसतो, एवढंच.

कारभाराच्या अडीच गुणांतला एक पूर्ण गुण वीजघराचा. वसाहतीचं स्वतःचं ४० मेगावॉटचं केंद्र आहे. गॅसवर टर्बाइन चालवून वीज, तिच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून वाफ, आणि त्याच वाफेवर हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात थंड पाणी. हे पाणी प्रत्येक घरातल्या युनिटमधून फिरतं. उरलेली वीज शहराच्या जाळ्याला विकतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू यॉर्कचे मोठे भाग अंधारात घातले तेव्हा को-ऑप सिटीचे दिवे चालू होते. याची दुसरी बाजूही ठाऊक असावी. एवढ्या गारव्याला मोठे कूलिंग टॉवर लागतात, आणि त्यांतल्या कोमट पाण्याची निगा चुकली की लीजिओनेला जिवाणू वाढतो. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या सुरुवातीला इथे लीजिओनेअर्स आजाराचे रुग्ण आढळले आणि कूलिंग टॉवरच्या पाण्यात तो जिवाणू सापडला. वर्षभर वापरात असलेल्या कूलिंग टॉवरचे पाणीतपासणी अहवाल मागायला सभासदाने संकोच करू नये.

आता अर्ज करणाऱ्यांसाठी. घराच्या आकारागणिक वेटिंग लिस्ट वेगळी असते आणि याद्या उघडतात-बंद होतात. तीन बेडरूमची यादी लांब म्हणून एक बेडरूममध्ये शिरायचं आणि मग आतून बदली मागायची, हा मार्ग बरेच जण धरतात; पण बदलीलाही कुटुंबातल्या माणसांची संख्या आणि खोल्या यांचं ठरलेलं प्रमाण लागू असतं, हे आधी पाहून घ्या. खोल्यांची मोजणीही न्यू यॉर्कची: साडेतीन, साडेचार असे अर्धे येतात, त्यामुळे ‘साडेचार खोल्या’ ऐकून चार बेडरूम समजू नका. उत्पन्नाची वरची मर्यादा कुटुंबाच्या आकारानुसार ठरते. क्रमांक आला की करविवरण, पगाराच्या पावत्या, पत-तपासणी, आणि मग इक्विटी. भागांवर तारण नाही म्हणून नेहमीचं गृहकर्ज इथे चालत नाही. रक्कम हाताशी ठेवूनच यादीत नाव घाला.

आत शिरल्यावर दरवर्षी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र भरायचं. ते न भरणं ही इथली सर्वांत महागडी विसर. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर घर जात नाही, पण कॅरिंग चार्जवर टप्प्याटप्प्याने अधिभार बसतो, कमाल ५० टक्के. प्रतिज्ञापत्र भरलं नाही तर तुम्ही मर्यादेच्या वरच आहात असं धरून अधिभार लागू शकतो. याच प्रतिज्ञापत्राचा दुसरा उपयोग वारसाहक्काला होतो. भाग वारसाला आपोआप जात नाहीत, आपल्या नॉमिनीच्या नोंदीसारखी सोय नाही. मूळ रहिवासी गेला किंवा सोडून गेला तर घर त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबीयालाच मिळतं, तेही निदान दोन वर्षं एकत्र राहिल्याचा पुरावा असेल तर. ज्येष्ठ किंवा अपंग व्यक्तीसाठी एक वर्ष. पुरावा म्हणजे मुख्यतः प्रतिज्ञापत्रात त्याचं नाव. आई-वडील किंवा मुलगा-मुलगी राहायला आले की त्याच वर्षी नाव चढवा. उत्पन्न वाढून अधिभार बसेल म्हणून कमावत्या मुलाचं नाव लपवणारी कुटुंबं पुढे घर गमावतात.

आणखी एक अडचण आपल्या लोकांची खास. घर हे मुख्य निवासस्थान असलंच पाहिजे, आणि त्याचा एक रूढ निकष म्हणजे वर्षातले निदान १८३ दिवस शहरात मुक्काम. निवृत्तीनंतर हिवाळा पुण्यात आणि उन्हाळा अमेरिकेत असा बेत असेल तर दिवस मोजून तिकिटं काढा. मधल्या काळात घर भाड्याने देणं तर नकोच.

बाहेर पडताना मिळतं ते भरलेली मूळ रक्कम आणि कर्जाच्या फिटलेल्या मुद्दलातला आपल्या वाट्याचा अंश, त्यातून घर पुन्हा देण्याजोगं करण्याचा खर्च वजा. म्हाडाचं घर पाच वर्षांनी बाजारभावाने विकता येतं, म्हणून म्हाडाची सोडत ही लॉटरी. मिचेल-लामात ती पाच वर्षं कधी संपत नाहीत. कायद्याने विशिष्ट मुदतीनंतर कर्ज फेडून योजनेतून बाहेर पडायची वाट ठेवली आहे, आणि मॅनहॅटनमधल्या काही वसाहती त्या वाटेने गेल्याही. पण २०२१ च्या दुरुस्तीने सभासदांच्या ८० टक्के मतांची अट घातली. या आशेवर को-ऑप सिटीत घर घेणाऱ्याने नाद सोडावा.

रोजचं जगणं थोडक्यात. वसाहतीत ड्रायझर, बार्टो आणि आइनस्टाइन ही तीन खरेदी केंद्रं, शेजारी बे प्लाझा हा मोठा मॉल, शाळा आणि हॅरी ट्रुमन हायस्कूल आवारातच. स्वतःचं सुरक्षा दल, स्वतःचं साप्ताहिक, १५ जणांचं निवडून आलेलं संचालक मंडळ. निवडणुकीचं राजकारण नगरपालिकेला लाजवेल असं. कपडे धुवायला इमारतीत सामायिक यंत्रं, त्यांचं उत्पन्न सोसायटीला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांचं कुटुंब १९७० मध्ये इथे राहायला आलं होतं. आज वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, वृद्धांचं प्रमाण मोठं आणि त्यांच्यासाठीच्या सेवाही चांगल्या.

पाचवा गुण कापला तो वाहतुकीसाठी. सबवे वसाहतीत येत नाही. बसने पेल्हम बे पार्कला जाऊन ६ नंबरची गाडी पकडायची, नाहीतर मॅनहॅटनला थेट जाणारी बीएक्सएम७ ही महागडी एक्सप्रेस बस. पेन स्टेशनला जोडणाऱ्या मेट्रो-नॉर्थच्या मार्गावर को-ऑप सिटीचं स्थानक होणार आहे. आरंभी सांगितलेली २०२७ ची तारीख पुढे सरकली आहे, तेव्हा त्या भरवशावर नोकरीचं ठिकाण ठरवू नका.

घर दाखवायला बोलावतील तेव्हा काय पाहायचं? दारातल्या लाकडी जमिनीच्या पट्ट्या पायाखाली वाजतात का, पंखा-युनिटच्या खालच्या ट्रेमध्ये पाणी साचलंय का, बाल्कनीच्या वरच्या स्लॅबला गंजाचे तांबूस ओघळ आहेत का. बाथरूमच्या भिंतीवर नवाच रंग दिसला तर मागचा पाइप नुकता गळला होता का, हे विचारा. संध्याकाळी सहाच्या सुमारास लॉबीत दहा मिनिटं उभं राहून लिफ्ट किती वेळाने येते ते घड्याळ लावून मोजा. पार्किंगचा मासिक आकार वेगळा असतो, त्याचीही यादी वेगळी. घराबरोबर जागा मिळेल असं गृहीत धरू नका. आणि कार्यालयात दोनच प्रश्न: कॅरिंग चार्ज शेवटचा कधी आणि किती टक्क्यांनी वाढला, आणि पुढच्या वाढीचा अर्ज राज्याकडे दाखल आहे का. वाढीसाठी रिव्हरबेला अंदाजपत्रकासह राज्याच्या गृहविभागाकडे अर्ज करावा लागतो आणि रहिवाशांना त्याची माहिती मिळते. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कार्यालयात मिळालं नाही, तर लॉबीतल्या फलकावर मिळेल.